वस्तादाच्या मुलुखांत

नांदेडाहून लातुरास जाणारी वाट सृष्टिसौंदर्याबद्दल प्रसिद्ध नाहीं. गोदावरीचा पूल ओलांडला कीं लोहा, माळेगांव, अहमदपूर, चाकूर अशीं गांवें एकामागून एक येतात आणि मागें पडतात. बालाघाटाच्या बुटक्या टेकड्या थोडा वेळ सोबत करतात. बाकी सर्वत्र काळी जमीन, तींत तूर, सोयाबीन किंवा ज्वारी, आणि बांधावर एखादें लिंबाचें झाड. प्रवासवर्णनें लिहिणारी मंडळी ह्या बाजूस सहसा फिरकत नाहींत. फिरकलीं तर नांदेडचा गुरुद्वारा पाहून परततात. मी ह्या वाटेनें गेलों तो एका शिक्षकाचा मुलूख पाहावा म्हणून. ज्यानें स्वतः जन्मभर खडू झिजविला त्यास दुसऱ्या शिक्षकाविषयीं कुतूहल वाटावें यांत नवल नाहीं. नवल असलेंच तर तें हें कीं, ज्या शिक्षकाविषयीं मी लिहीत आहें त्याच्या शाळेंत फळा नव्हता, पाटी नव्हती, पुस्तकही नव्हतें. ती शाळा म्हणजे तांबड्या मातीचा एक हौद.

वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार यांचें नांव कुस्तीच्या शौकिनांस सांगावें लागत नाहीं. पण हें मासिक ज्यांच्या घरीं जातें त्यांपैकीं पुष्कळांस तें आज प्रथमच कळत असेल. लातूर जिल्ह्यांतील निलंगा तालुक्यांत रामलिंग मुदगड म्हणून गांव आहे, तें त्यांचें जन्मगांव. आपल्या घरांतून ह्या विषयास फारसा मान नाहीं, हें मी जाणतों. सूर्यनमस्कार घालावे, फार तर मुंजीनंतर मुलानें चार जोर-बैठका काढाव्या, इतकी आपली मजल. आखाडा म्हटला कीं वडील माणसांच्या कपाळास आठी पडते, आणि आजीबाईंस तर पोरगा हातचा गेल्यासारखाच वाटतो. तरी वाचकांनीं थोडा धीर धरावा. हा विषय कुस्तीचा आहे तितकाच गुरुत्वाचाही आहे, आणि गुरु हा शब्द आपल्या देवघरांत आजही उच्चारला जातो.

आरंभ नांदेडापासूनच करणें योग्य. १७०८ सालीं ह्या गोदातीरीं गुरु गोविंदसिंगांचें देहावसान झालें. देह ठेवण्यापूर्वीं त्यांनीं आपल्यामागें कोणा व्यक्तीस गुरुपद न देतां तें ग्रंथासच दिलें. तेव्हांपासून शीख समाजाचा गुरु म्हणजे ग्रंथसाहिब. हुजूरसाहिबाचें दर्शन घेऊन बाहेर पडतांना माझ्या मनांत सारखें येत होतें कीं, ग्रंथासच गुरु मानण्याची ही सोय किती विद्यांस आहे? व्याकरणास कांहीं अंशीं आहे. पाणिनि जाऊन शतकांमागून शतकें लोटलीं, तरी अष्टाध्यायी शिकवीतच आहे. ज्योतिषास आहे. कुस्तीस मात्र नाहीं. आणि मौज अशी कीं, कुस्तीवर ग्रंथ झालाच नाहीं असें नव्हे. चांगला विस्तृत ग्रंथ झाला, आणि तो ह्याच मुलुखाच्या उशाशीं झाला.

लातूर जिल्ह्याची सीमा दक्षिणेस ओलांडली कीं कर्नाटकाचा बीदर जिल्हा लागतो. तेथील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. ११२७ ते ११३८ ह्या काळांत तेथें राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वरानें 'मानसोल्लास' नांवाचा कोशासारखा संस्कृत ग्रंथ रचला. स्वयंपाकापासून रत्नपरीक्षेपर्यंत राजाच्या उपयोगाचें व करमणुकीचें जें जें कांहीं, तें त्यांत आहे. आणि त्यांतच 'मल्लविनोद' नांवाचें एक प्रकरण आहे. ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल अशा मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांची मेहनत, राजासमोर व्हावयाची लढत, हें सारें त्या राजानें मोठ्या आवडीनें सांगितलें आहे. बरें संस्कृत येणारा माणूस तें प्रकरण एका बैठकींत वाचून काढील. पण तें वाचून त्यास एक साधा पटही काढतां येणार नाहीं. पट काढावयाचा तर खांदा कोठें भिडावा, डोकें कोणत्या बगलेस असावें, समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे हें हातांस कसें कळावें, ह्या गोष्टी अंगास अंग लागल्यावांचून उमजत नाहींत. वस्ताद हौदांत उतरतो, पोराची मान धरतो, एकदां त्यास पाडतो, मग स्वतः त्याच्याकडून पडून घेतो. शिकविणें तें एवढेंच. ही विद्या एका शरीरांतून दुसऱ्या शरीरांत जाते. मधला माणूस गेला कीं धागा तुटला.

ह्या मुलुखांत पोरांस कुस्तीचा नाद लागतो तो जत्रांतून. माळेगांवची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते. घोडे, गाढवें, उंट यांच्या बाजारासाठीं ती दूरवर ठाऊक आहे. पण जनावरांच्या बाजाराइतकीच गर्दी तेथें कुस्त्यांच्या फडास होते. लातुरास महाशिवरात्रीस सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेथेंही तोच प्रकार. प्रथम लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात. हलगी कडाडूं लागली कीं दहा-बारा वर्षांचा एखादा शेतकऱ्याचा मुलगा कपडे काढून फडांत शिरतो, आपल्याहून मोठ्या पोरास उताणा पाडतो, नारळ घेऊन बापाकडे धांवतो. बापाचा ऊर भरून येतो. गांवांतला एखादा म्हातारा पैलवान पोराचे दंड चांचपून पाहतो आणि म्हणतो, "पोरांत चीज आहे." येथपर्यंत सर्व ठीक. त्यानंतर जो प्रश्न उभा राहतो त्यास मराठवाड्याजवळ पुष्कळ वर्षें उत्तर नव्हतें. चीज आहे खरें, पण शिकविणार कोण?

बिराजदारांचा जन्म १९५० चा. निजामाची राजवट जाऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. लातूर हा जिल्हाही नव्हता. तो १९८२ सालीं उस्मानाबादेंतून निघाला, आणि उस्मानाबादचेंही पुढें धाराशिव झालें. त्या काळीं होतकरू मल्लानें जावयाचें तें कोल्हापुरास. राजर्षि शाहूमहाराजांनीं तेथें कुस्तीस राजाश्रय दिला होता. त्यांनीं १९१२ सालीं बांधविलेलें खासबाग मैदान आजही उभें आहे. आणि पेठोपेठीं तालमी होत्या. त्या शहराचें वेड केवढें होतें याचें एकच उदाहरण देतों. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकास खाशाबा जाधव निघाले तेव्हां पैशांची अडचण पडली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें ऑलिंपिकमधील तें पहिलें वैयक्तिक पदक. कॉलेजच्या प्राचार्यानें विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठीं घर गहाण टाकावें, ही गोष्ट मी आमच्या शिक्षक मंडळींत कितीदां तरी सांगितली आहे. ऐकून सगळे माना डोलावतात, आणि मग घरभाड्याच्या गोष्टी काढतात.

लातुराहून कोल्हापुराकडे जाण्यास त्या काळीं बार्शी लाईटची अरुंद रुळांची गाडी होती. कॅल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें काढलेला तो अडीच फुटी लोहमार्ग १९११ सालीं लातुरास पोहोंचला, आणि पुढें कुर्डुवाडी-पंढरपुरावरून मिरजेस जाऊन भिडला. मिरजेच्या पुढें कोल्हापूर कितीसें दूर! आतां ते रूळ रुंद झाले आहेत. ह्या मार्गाची आठवण वाचकांनीं जपून ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

बिराजदारांच्या मल्लपणाचा इतिहास थोडक्यांत आटोपतों, कारण तो इतरांनीं सांगितलेला आहे. १९६९ सालीं महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातुरासच भरली आणि ती ह्या एकोणीस वर्षांच्या पोरानें जिंकली. घरच्या लोकांसमोर चांदीची गदा खांद्यावर घेण्याचें भाग्य किती जणांस लाभतें? पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक. १९७२ सालीं 'रुस्तुम-ए-हिंद'. हें १९७२ साल मराठवाड्यांतला माणूस दुसऱ्याच कारणानें विसरत नाहीं; तें दुष्काळाचें साल. ज्यांच्या गोठ्यांत चार जनावरें होतीं ते लोक खडी फोडावयास रस्त्यावर आले होते. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. ज्या मुलुखांत भाकरीस महाग झालेलीं माणसें होतीं त्याच मुलुखाच्या मुलानें त्या वर्षीं हिंदुस्थानांतल्या मल्लांस पाडावें, हें मला त्या पदवीहून मोठें वाटतें. आणि १९७७ सालीं बेळगांवीं दिल्लीच्या सतपालाशीं झालेली ती लढत. सतपाल हा गुरु हनुमानांच्या आखाड्याचा पठ्ठा, वयानें लहान, त्या वेळीं अवघ्या देशांत ज्याचा दबदबा होता असा. ती कुस्ती बिराजदारांनीं मारली. बेळगांव-कोल्हापुराकडचे वृद्ध शौकीन अजूनही त्या दिवसाची गोष्ट काढली कीं मांडी ठोकतात. ह्या दोन नांवांचीं जोडी मोडूं नये, पुन्हां लागेल.

येथपर्यंत जें झालें तें यश आहे, पण दुर्मिळ नव्हे. महाराष्ट्रांत केसरी पुष्कळ झाले. त्यांतले कांहीं पुढें राजकारणांत गेले, कांहींनीं शेती पाहिली, कांहीं सत्काराच्या फेट्यांवर जगले. बिराजदार पुण्यास गोकुळ वस्ताद तालमींत पोरांस शिकवूं लागले, आणि माझ्या मतें त्यांचें खरें चरित्र तेथून सुरू होतें.

तालीम ज्यांनीं आंतून पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. हौदाची माती म्हणजे अंगणांतली माती नव्हे. तांबडी माती चाळून घेतात. तींत तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर घालतात. रोज ती खणून, उकरून मऊ ठेवावी लागते, आणि तें काम पोरांनींच करावयाचें असतें. मराठवाड्याची जमीन काळी. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, पावसाळ्यांत ती पाय सोडीत नाहीं. कुस्तीस ती निरुपयोगी, त्यामुळें तांबडी माती आणवावी लागते. पहाटे चारच्या सुमारास तालमींत दिवा लागतो. जोर, बैठका, मग लढती, दुपारीं झोंप, सायंकाळीं पुन्हां मेहनत. वस्ताद शिव्या देतो तितकाच पोरांच्या दुधाचा हिशेबही ठेवतो. कोणाच्या घरून पैसे आले नाहींत, कोणाचा कान दुखावला, कोण रात्रीं सिनेमास गेला, हें त्यास कळावें लागतें. आईबापांनीं चौदा वर्षांचें पोर त्याच्या ओटींत घातलेलें असतें. आमच्या गुरुकुलाचें जें वर्णन आपण पाठांतून वाचतों, त्याचें आज हिंदुस्थानांत कोठें जिवंत रूप उरलें असेल तर तें वेदपाठशाळांत आणि तालमींत. दोन्ही ठिकाणच्या माणसांस ही तुलना आवडणार नाहीं, पण ती खरी आहे.

बिराजदारांच्या पिढीच्या वस्तादांवर आणखी एक संकट आलें होतें, आणि तें म्हणजे गादी. मातीवरची निकाली कुस्ती घड्याळ जाणत नाहीं. पाठ टेकेपर्यंत लढावयाचें. दम, ताकद आणि सबुरी यांचा तो खेळ. परदेशांतली कुस्ती गादीवर चालते. आजच्या नियमांप्रमाणें तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि प्रत्येक पकडीस गुण. मातीवर पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीवर वाट पाहणारा शहाणा ठरतो, गादीवर वाट पाहणारा हरतो. मातींत वाढलेल्या मल्लानें गादीवर जाणें म्हणजे ओवीच्या कवीनें शार्दूलविक्रीडित लिहावयास बसणें. पुष्कळ जुने वस्ताद गादीस नांवें ठेवीत बसले आणि त्यांचीं पोरें जत्रांच्या फडांत अडकलीं. बिराजदार स्वतः मातींतून उठून एडिंबरोस पदक मिळवून आलेले. त्यामुळें दोन्ही भाषा त्यांच्या अंगास ठाऊक होत्या. पुढें त्यांच्या हाताखालून जीं पोरें निघालीं तीं दोन्ही ठिकाणीं चाललीं, तीं ह्यामुळें.

अमेरिकेंतील कॉलेजांत लक्रॉस म्हणून एक खेळ आहे. जाळीच्या काठीनें चेंडू झेलावयाचा व फेकावयाचा. मूळ तो तेथील आदिवासी लोकांचा. त्या कॉलेजांतून संघास शिकविणारा माणूस पगारी असतो, आणि त्याच्या संघानें किती सामने जिंकले व किती गमावले याचा आंकडा त्याच्या नांवास जन्मभर चिकटलेला असतो. निवृत्तीच्या वेळीं तोच त्याचा गौरव. आमच्या वस्तादाचें असें खातें कोणी ठेवीत नाहीं. विद्यार्थ्याचें नांव कॉलेजच्या हजेरीपटावर असतें, तो जिंकला कीं गौरव कॉलेजचा आणि विद्यापीठाचा होतो. तो निजतो मात्र तालमींत. बिराजदारांस २००६ सालीं ध्यानचंद पुरस्कार मिळाला, पण तो त्यांच्या मल्लपणाबद्दल, आयुष्यभराच्या सेवेचा म्हणून. मग वस्तादाचें माप घ्यावयाचें कशानें?

कालिदासानें हा प्रश्न 'मालविकाग्निमित्रां'त फार गंमतीनें सोडविला आहे. गणदास व हरदत्त हे दोन नाट्याचार्य राजापुढें येऊन श्रेष्ठ कोण म्हणून भांडतात. निवाडा करावयास बसलेली परिव्राजिका कौशिकी म्हणते कीं, कोणाची विद्या त्याच्या स्वतःपुरती असते, कोणाची दुसऱ्यांत उतरविण्याची हातोटी असते. ज्याच्याजवळ दोन्ही, तो शिक्षकांत अग्रगण्य. म्हणून गुरूंनीं स्वतः नाचूं नये, आपापल्या शिष्या पुढें आणाव्या. बेळगांवच्या त्या दोन मल्लांच्या बाबतींत काळानें नेमकें हेंच केलें.

सतपाल पुढें दिल्लीस छत्रसाल स्टेडियममध्यें गुरु झाले. त्यांचा शिष्य सुशीलकुमार यानें ऑलिंपिकचीं दोन पदकें आणलीं. बिराजदारांच्या पदरीं बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे हा पोर आला. त्याचे वडीलही पैलवान. पोर अंगानें लहान, पण चपळ. २०११ च्या सप्टेंबरांत पुण्यास बिराजदारांचें निधन झालें, तेव्हां राहुल वीस वर्षांचाही नव्हता. मी वर म्हटलें कीं मधला माणूस गेला म्हणजे धागा तुटतो. येथें तो तुटला नाहीं, कारण बिराजदारांनीं एक गांठ आधींच मारून ठेवली होती. लातूर जिल्ह्यांतलेच काका पवार हे त्यांचे जुने शिष्य. कमरेखालीं हात लावण्यास बंदी असलेल्या ग्रीको-रोमन कुस्तींत त्यांनीं नांव काढलें, अर्जुन पुरस्कार मिळविला, आणि मग पुण्यास कात्रजच्या बाजूस स्वतःचें कुस्तीसंकुल काढलें. राहुलास त्यांनीं पुढें चालविलें. २०१६ च्या ऑलिंपिकास जाण्याची त्याची संधि हुकली. दुसरा एखादा खचून गेला असता. १२ एप्रिल २०१८ रोजीं ऑस्ट्रेलियांत गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल स्पर्धेंत ५७ किलोंच्या गटांत त्यानें कॅनडाच्या ताकाहाशीस १५-७ असें हरवून सुवर्णपदक घेतलें, आणि तें आपल्या दिवंगत गुरूस अर्पण केलें. त्याच दिवशीं, त्याच गादीवर ७४ किलोंच्या गटांत सुशीलकुमारानेंही सुवर्णपदक घेतलें.

बेळगांवास एक जिंकला होता, एक हरला होता. एकेचाळीस वर्षांनीं दोघांचे शिष्य एकाच दिवशीं जिंकले. एक गुरु तें पाहावयास होता, दुसरा नव्हता. पुढच्या वर्षीं जागतिक स्पर्धेंत राहुलानें ६१ किलोंत कांस्यपदक मिळविलें. एडिंबरोच्या पदकास तेव्हां एकोणपन्नास वर्षें झालीं होतीं.

लातुरास उतरलों तेव्हां शाळा-कॉलेजें सुटण्याची वेळ होती. रस्त्यांवर पाठीवर पिशव्या घेतलेलीं मुलें-मुली इतकीं कीं वाट काढणें कठीण. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रांतल्या प्रत्येक घरांत पोहोंचला आहे. आपल्याच घरांतला एखादा भाचा-पुतण्या येथें खोली घेऊन राहिला असेल. राजर्षि शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनीं बारावीच्या निकालांचा जो लौकिक मिळविला त्याच्या आधारानें येथें शिकवण्यांची एक नगरीच उभी राहिली. 'कोचिंग' हा शब्द येथें रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे, आणि तो त्यास वैद्यकीच्या परीक्षेशीं जोडतो. हें वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. मी स्वतः शिकवण्या केल्या आहेत, आणि त्यांच्यावर मुलीचें लग्न केलें आहे. पण एक गोष्ट मनांतून जाईना. वैद्यकीच्या परीक्षेसाठीं सर्व महाराष्ट्राचीं मुलें लातुरास येतात, आणि लातूरच्या मुलास कुस्ती शिकावयाची तर लातूरच्याच वस्तादाच्या पायाशीं बसण्यासाठीं पुण्यास जावें लागतें. गुरु इथला, शिष्य इथला, हौद मात्र दोन जिल्ह्यांपलीकडे.

ह्याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास पिण्याचें पाणी उरलें नाहीं, तेव्हां तें मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. 'जलदूत' हें त्या गाडीचें नांव. वाचकांस अरुंद रुळांचा तो जुना मार्ग आठवत असेल. ज्या वाटेनें ह्या मुलुखांतलीं पोरें विद्या शोधीत मिरज-कोल्हापुराकडे जात, त्याच वाटेनें आतां पाणी इकडे आलें. जेथें शहराची तहान भागवावयास आगगाडी लागते, तेथें शंभर पोरांच्या दुधाची, तुपाची, बदामाची तजवीज कोणी करावी? परीक्षेची शिकवणी खोलींत चालते. तिला फळा, पंखा आणि फी पुरते. तालमीस गोठा लागतो, आणि गोठ्यास चारा. पुण्यास देणगीदार आहेत, वैद्य आहेत, विमानतळ आहे. शिकविणारा माणूस तेथें गेला म्हणून त्यास दोष देतां येत नाहीं. मात्र जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनीं पैलवानांच्या सत्कारास जितके फेटे बांधले त्यांच्या निम्म्या पैशांत दोन गाद्या आणि एक गोठा झाला असता, एवढें म्हणण्याचा अधिकार माझ्यासारख्या वाटसरूसही असावा.

लातुराहून निलंग्याकडे जातांना आधीं औसा लागतें. तेथें खंदकाचा भुईकोट किल्ला आहे. ह्याच तालुक्यांत किल्लारी. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे तेथें धरणी हालली आणि दगड-मातीचीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. पुढें खरोशाचीं लेणीं, आणि निलंग्यांत नीलकंठेश्वराचें जुनें शिल्पमंडित देऊळ. तें देऊळ पाहावयास एक सकाळ मोडली तरी वाईट वाटूं नये. ह्या टापूंत कानडी व मराठी एकाच ओसरीवर बोलतात. बिराजदार हें आडनांव तर सीमेच्या दोन्ही अंगांस आहे. रामलिंग मुदगड येथूनच जवळ. एखाद्या कवीचें किंवा संताचें जन्मगांव असतें तर पाटी लागली असती, निदान दरवर्षीं व्याख्यान झालें असतें. वस्तादाचें स्मारक कोठें शोधावें हें ज्यास कळत नसेल त्यानें जानेवारी २०२० ची एक हकीकत ऐकावी.

पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली होती. त्या स्पर्धेची रीत अशी कीं, मातीवर एक विभाग चालतो व गादीवर दुसरा. आणि माती जिंकणारा व गादी जिंकणारा यांची शेवटीं गाठ पडते. त्या वर्षीं मातींतून लातूर जिल्ह्याचा शैलेश शेळके वर आला, गादीवरून नाशिककडचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमींत राहणारे, एकाच वस्तादाच्या हातचे. बिराजदारांच्या हौदांतली माती आणि बिराजदारांच्या पुढच्या पिढीची गादी समोरासमोर उभी होती. अशा वेळीं वस्तादानें कोणाच्या कोपऱ्यास बसावें? एकमेकांचे सगळे डाव दोघांस पाठ. रोज सकाळीं एकमेकांवरच तर ते घोटलेले. कुस्ती अटीतटीची झाली. सदगीर ३-२ असा जिंकला. लातूरची गदा एका गुणानें गेली. आणि मग, हलग्या वाजत असतां, टाळ्या कडाडत असतां, त्या नव्या केसरीनें हरलेल्या शैलेशास उचलून आपल्या खांद्यावर घेतलें आणि त्याला तसाच मिरवीत मैदानांतून फिरला.